डीपी जळनी ते टक्कासले फोन करू?

२६ जून २०२४. विधान परिषदेच्या नाशिक विभाग शिक्षक मतदारसंघाचं मतदान. मी गणिताचा मास्तर, आदल्या वर्षीच निवृत्त झालेलो. पण गेल्या सहा वर्षांत तीन वर्षं शिकवलेलं असलं की यादीत नाव लागतं, म्हणून अमळनेरच्या केंद्रावर गेलो. तिथे यंत्र नव्हतं, हातभर लांब मतपत्रिका होती आणि आयोगाने दिलेला जांभळा स्केचपेन. आवडत्या उमेदवारापुढे १ लिहायचा, त्याच्या खालोखाल आवडणाऱ्यापुढे २, मग ३. दुसरा पेन चालत नाही, सही चालत नाही, बरोबरची खूणही चालत नाही.

बाहेर आलो तर आमचे एक जुने सहकारी भिंतीच्या सावलीत उभे होते. एम. ए., बी. एड., तीस वर्षांची नोकरी. मला म्हणाले, “मी आपली टिकमार्क करून मोकळा झालो बुवा.” म्हणजे मत बाद. त्यांना ते सांगायचा धीर मला झाला नाही.

येताना एसटीत तेच डोक्यात घोळत होतं. आकडा लिहून मत द्यायची ही रीत फक्त मास्तर आणि पदवीधरांच्याच वाट्याला का? राज्यसभेचे खासदार आमदारांच्या मतांतून असेच पसंतीक्रमाने निवडले जातात आणि राज्यघटनेत त्याला ‘प्रमाणशीर प्रतिनिधित्व’, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा, असं स्पष्ट म्हटलंय. शिक्षक मतदारसंघात जागा एकच असते, त्यामुळे तिथे प्रमाण वगैरे काही साधत नाही, फक्त रीत ती असते. हा फरक मी पुढे वर्षभर लोकांना समजावत फिरलो. पहिल्या तीन महिन्यांत मलाच तो नीट माहीत नव्हता, हेही सांगून टाकतो.

आपल्या निवडणुकांतही मतांच्या प्रमाणात जागा मिळाव्यात, या मागणीसाठी आम्ही चौघं जमलो. मी, कोर्टात प्रॅक्टिस करणारे एक वकीलसाहेब, एक निवृत्त पोस्टमास्तर आणि समाजकार्य शिकलेली आमच्या शेजारची मुलगी. संघटनेचं नाव काय ठेवायचं यावर पहिल्या बैठकीत दोन तास गेले. शेवटी ठेवलंच नाही.

सुरुवात केली ती टक्केवारीच्या तक्त्यांनी. मास्तर माणूस, दुसरं काय करणार! मोठ्या कार्डशीटवर २०१४ ची लोकसभा लिहिली. भाजपला देशभरात ३१ टक्के मतं आणि २८२ जागा. बहुजन समाज पक्षाला चार टक्क्यांहून थोडी जास्त मतं आणि जागा शून्य. अण्णाद्रमुकला त्याहून कमी, साधारण ३.३ टक्के, पण जागा ३७, कारण त्यांची मतं एकाच राज्यात दाटीने होती आणि बसपची देशभर विखुरलेली. मला वाटलं, हा तक्ता पाहून लोक थक्क होतील. लोकांनी तक्ता पाहिला आणि विचारलं, “गुरुजी, तुम्ही कोणत्या पक्षात गेलात?”

या प्रश्नाने आमचा पिच्छा शेवटपर्यंत सोडला नाही. त्यात एक गंमत आहे. २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात दोन्ही आघाड्यांना जवळजवळ सारखीच मतं मिळाली, टक्क्याचाही फरक नाही. जागा मात्र महाविकास आघाडीला ३० आणि महायुतीला १७. त्या पावसाळ्यात महायुतीचे कार्यकर्ते आम्हाला टपरीवर बसवून चहा पाजायचे. “सर, तुमचं म्हणणं एकदम बरोबर आहे.” मग २३ नोव्हेंबरला विधानसभेचा निकाल लागला. खानदेशात एकूण २० जागा: जळगावच्या ११, धुळ्याच्या ५, नंदुरबारच्या ४. त्यातल्या १९ महायुतीला. विरोधकांकडे उरलं ते एकटं नवापूर. डिसेंबरात चहा पाजणारे बदलले होते. टपरी तीच आणि वाक्यही तेच.

त्याच निकालातला दुसरा आकडा आमच्या पोस्टमास्तरांना फार आवडायचा. शरद पवारांच्या पक्षाला ११.२८ टक्के मतं आणि १० जागा, अजित पवारांच्या पक्षाला ९.०१ टक्के आणि ४१ जागा. ते सगळीकडे हाच आकडा फेकायचे. मी त्यांना अडवायचो. शरद पवारांचा पक्ष जास्त जागांवर लढला होता, तेव्हा त्यांची एकूण मतं जास्त दिसणारच. तुलना इतकी सरळ नाही. यावरून आमची दोनदा कडाक्याची भांडणं झाली. मोहीम चालवायची तर आपल्या सोयीचा आकडा आधी तपासावा या मताचा मी, आणि लोकांना आधी झटका बसू दे, बारकावे मागाहून, या मताचे ते. आमच्या दोघांचंही थोडं थोडं खरं असावं.

तक्त्यांनी काही होत नाही हे डिसेंबरात पक्कं झालं. थंडीत आमच्याकडे मळ्यात भरताच्या पार्ट्या होतात. कपाशीच्या नाहीतर तुरीच्या काड्यांवर वांगी भाजायची, कळण्याची भाकरी, कांद्याची पात, हिरव्या मिरच्या. अशाच एका पार्टीला पन्नासेक माणसं जमली होती. आमच्या चौघांतल्या त्या मुलीला सुचलं की इथेच निवडणूक घ्यावी. पुढच्या पार्टीला काय करायचं? उमेदवार तीन: वरणबट्टी, भरीत आणि शेवभाजी. दहा-दहा माणसांचे पाच वॉर्ड पाडले. हातात प्रत्येकी एक चवळीचा दाणा, आणि प्रत्येक वॉर्डापुढे तीन वाट्या.

पहिल्या वॉर्डात बट्टी ४, भरीत ३, शेवभाजी ३. दुसऱ्यात ५, ३, २. तिसऱ्यात परत ४, ३, ३. चौथ्यात बट्टी आणि शेवभाजी दोघांना ४-४ आणि भरताला २. तिथे कालवा झाला. मग खऱ्या निवडणुकीत करतात तसं एका चिमुरडीला चिठ्ठी उचलायला लावली, निघाली बट्टी. पाचव्या वॉर्डात सगळे वांग्याच्या मळ्यावाले एकत्र बसलेले. तिथे भरीत ६, बट्टी ३, शेवभाजी १.

निकाल: बट्टी ४ जागा, भरीत १, शेवभाजी शून्य.

मग सगळ्या वाट्या एकत्र करून दाणे मोजले. बट्टी २०, भरीत १७, शेवभाजी १३. पन्नासातल्या ३० जणांना बट्टी नको होती, तरी पाचातल्या चार जागा तिच्या. प्रमाणात वाटल्या असत्या तर दोन, दोन आणि एक. शेवभाजीवाला एक तरुण ट्रॅक्टरच्या चाकावर बसला होता, तो खाली उतरला. “शेवभाजीले तेरा मतं पडनात आनि एकबी जागा नही? हाऊ कोनता न्याय?” माझ्या तक्त्यांनी सहा महिन्यांत जे झालं नव्हतं, ते मूठभर चवळीने अर्ध्या तासात केलं.

मी मनातून खूश. तेवढ्यात मागे बाजेवर बसलेले एक आबा बोलले. साठी ओलांडलेले, सहा एकर कपाशी, विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटर. माझं सगळं बोलणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं होतं.

“गुरुजी, तुम्हनं गणित बराबर से. पन मन्ही डीपी जळनी ते मी कोनले फोन करू? टक्कासले?”

सगळा मळा हसला, मीही हसलो. उत्तर माझ्याकडे नव्हतं. ज्यांनी गव्हाच्या दाणे भरायच्या दिवसांत जळकी डीपी पाहिली असेल, त्यांना त्या प्रश्नाचं वजन कळेल. पंधरा-पंधरा दिवस नवा ट्रान्सफॉर्मर येत नाही, पीक डोळ्यांदेखत वाळतं, आणि शेवटी कुणीतरी आमदाराच्या माणसाला फोन लावतं तेव्हा ट्रक हलतो. आबांसाठी आमदार म्हणजे तो फोन. त्यांच्या मतदारसंघातला त्यांचा माणूस काढून घेऊन मी त्यांच्या हातात टक्केवारी ठेवायला निघालो होतो.

त्या प्रश्नावर आमचे पुढचे दोन महिने गेले. वकीलसाहेबांनी घटना समितीतल्या चर्चांचं बाड काढलं. ४ जानेवारी १९४९ ला काझी सय्यद करीमुद्दीन यांनी अनेक जागांचे मतदारसंघ आणि सगळी मतं एकाच उमेदवाराला एकवटून देता येतील अशा पद्धतीची दुरुस्ती मांडली होती. बाबासाहेबांनी ती नाकारली. कारणं दोन. या पद्धतीला मोठ्या प्रमाणावर साक्षरता लागते, आणि सभागृहाचे तुकडे होऊन सरकार टिकणार नाही. १९५१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती, हे पाहिलं की पहिलं कारण त्या वेळेपुरतं मला पटतं. आज ते कारण सांगणाऱ्याला मी टिकमार्कवाल्या एम. ए., बी. एड. सरांची आठवण देतो. तिथे शिक्षण कमी पडलं नव्हतं, सूचना वाचायचा कंटाळा नडला होता. दुसरं कारण मात्र मला आजही हलकं वाटत नाही. सभेत कुणी ते काढलं की मी वाद घालत नाही.

वकीलसाहेबांनी काढलेली दुसरी गोष्ट जास्त कामाची निघाली. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई इलाख्यात अनेक जागांचे मतदारसंघ होते. जितक्या जागा तितकी मतं, आणि ती सगळी एकाच उमेदवाराला दिली तरी चालायची. मतदार मोजकेच होते, शेतसारा किंवा शिक्षणाची अट असायची. पण रीत ती होती. आणि ही निवडणूक फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनानंतर लगेचच झालेली. डिसेंबर १९३६ मध्ये जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन आणि त्यात प्रौढ मतदानाने निवडलेल्या घटना समितीची झालेली मागणी, हे खानदेशातल्या पोरासोरांनाही शाळेपासून ऐकून माहीत असतं. मतपेटीतली ही रीत मात्र कुणालाच माहीत नव्हती. परदेशातून आणलेलं खूळ म्हणून आमची जी हेटाळणी व्हायची, तिला हे उत्तर चांगलं लागू पडलं. पोस्टमास्तरांचा नवा आवडता आकडा आता १९३७ झाला.

आबांच्या प्रश्नाला पहिलं उत्तर आम्ही नेपाळ आणि न्यूझीलंडमधून आणलं. दोन मतं: एक आपल्या भागातल्या माणसाला, एक पक्षाला. नेपाळच्या प्रतिनिधी सभेत १६५ जागा माणसांच्या आणि ११० पक्षांच्या याद्यांमधून. न्यूझीलंडने १९९३ च्या सार्वमतात असाच बदल केला, कारण तिथे १९८१ मध्ये एका पक्षाला २० टक्क्यांहून जास्त मतं पडून दोनच जागा मिळाल्या होत्या. आपल्या विधी आयोगानेही १९९९ च्या अहवालात असंच सुचवलेलं: आहेत त्या जागा तशाच ठेवा, वर पंचवीस टक्के वाढवा आणि त्या यादीतून भरा. मी हे सगळं घेऊन आबांच्या ओट्यावर गेलो. आता तुमचा फोनवाला आमदार शाबूत आहे, म्हणालो.

आबांनी तंबाखू मळत विचारलं, “ती यादी कोन लिखी?”

पक्ष लिहील, मी म्हटलं.

“म्हंजे मुंबईले बसीसन लिखतीन.” आणि त्यांनी तंबाखूवर थाप मारली.

खरं सांगायचं तर इथे मी माघार घेतली. पक्षात उमेदवारी कशी मिळते हे ज्याने तालुक्याला राहून पाहिलंय, त्याने यादीची बाजू जोरात मांडू नये. विधी आयोगाचा तोडगा वाईट नाही, पण पक्षांतर्गत लोकशाही नसेल तर यादी म्हणजे मर्जीतल्यांची सोय. आमच्यातल्या मुलीला हे पटलं नाही. तिचं म्हणणं, याद्यांमुळेच बाया, आदिवासी, भटके सभागृहात जातील, जागा सुटण्याची वाट बघत बसणार नाहीत. तिचा मुद्दा चुकीचा नव्हता. तरी मतदाराने माणसांनाच क्रम द्यायचा, म्हणजे माझ्या जांभळ्या पेनाची रीत, आणि जागा मात्र एकाहून जास्त, यावर आम्ही तिघं विरुद्ध एक असे ठरलो. साध्या बहुमताने ठरलो, हे तिने लगेच बोलून दाखवलं.

मग वकीलसाहेबांनी खरी वाट काढली. लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीचा कायदा दिल्लीच्या हातात. नगरपालिका आणि पंचायतींच्या निवडणुकीचा मात्र राज्याच्या विधिमंडळाच्या. घटना म्हणते की नगरपालिकेचे सदस्य प्रभागांतून थेट निवडायचे. म्हणजे यादी तिथे बसणं कठीण, पण अनेक जागांचा प्रभाग बसतो, आणि तो आपल्याकडे आहेच. मुंबई सोडून महापालिकेत बहुधा चार नगरसेवकांचा प्रभाग, नगरपरिषदेत दोनचा, ग्रामपंचायतीच्या वॉर्डात दोन-तीन सदस्य. फक्त आज आपण अ, ब, क, ड अशी चार वेगवेगळी बटणं दाबतो आणि ज्याची हवा तो चारही घेऊन जातो. जळगावात २०१८ ला ७५ पैकी ५७ जागा एका पक्षाला, १५ दुसऱ्याला आणि ३ तिसऱ्याला गेल्या. प्रभाग तसाच ठेवून चारही जागांसाठी मिळून उमेदवारांना एकच पसंतीक्रम द्यायचा, एवढीच आमची मागणी उरली. फोनचाही प्रश्न सुटतो, कारण चारातला एक तरी आपल्या पसंतीचा असण्याची शक्यता वाढते.

(आरक्षणाच्या जागांचं काय, हे जो विचारायचा त्याच्याशी आम्ही अर्धा तास बोलायचो. मोजणीच्या नियमात ते बसवता येतं, पण समजावायला सोपं नाही. आमचं एका पानाचं पत्रक त्यामुळेच तीन पानांचं झालं आणि मग कुणी वाचेना.)

मोजणी समजावणं ही वेगळीच परीक्षा. एका बचत गटाच्या बैठकीला ४० बाया होत्या. तीन जागा धरल्या. चाळीसला चाराने भागायचं, त्यात एक मिळवायचा, कोटा ११. अकरा मतं झाली की निवडून आली. मग जिला जास्त पडली तिची वरची मतं दुसऱ्या पसंतीकडे सरकवायची, आणि जी सगळ्यांत मागे तिला बाद करून तिचीही मतं सरकवायची. मी फळ्यावर बाण काढत होतो. बायांच्या चेहऱ्यावर आठवी ब चा वर्ग दिसत होता.

कोपऱ्यातल्या एका मावशी उठल्या. निरक्षर, अंगठ्यावर पासबुक चालवणाऱ्या. म्हणाल्या, “पोतं भरनं का वरला दाना खाले सांडू देवाना नही, दुसरा पोतामा टाकाना. आनि जे पोतं भरावच नही, ते रितं करीसन बाकीनामा वाटी देवानं. हाईच ना?”

हेच. मी खडू खाली ठेवला. पुढच्या अकरा गावांत आम्ही फळा नेलाच नाही. ज्वारी आणि तीन पिशव्या न्यायचो. आणि ते वाक्य मी म्हटलं की लोकांना ते माझंच वाटायचं, म्हणून दर वेळी सांगायचो की हे एका मावशींचं आहे.

२६ जानेवारी २०२५ च्या ग्रामसभेत ठराव मांडायचं ठरलं. आता ग्रामसभेची रीत ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, म्हणून ती चोवीस माणसांत झाली. विषयपत्रिकेत आमचा विषय नव्हता. ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’ यात तो घुसवला, घरकुलाच्या यादीवरचं भांडण संपल्यावर. एकाने विचारलं, याने आपल्या गावाला निधी किती मिळेल? मी म्हटलं, एक रुपयाही नाही. त्यावर ठराव एकमताने पास झाला. का, ते मला आजही उमगलेलं नाही. बहुतेक सगळ्यांना जेवायला जायचं होतं.

आठ दिवसांनी ठरावाची नक्कल हातात आली. प्रोसिडिंगात लिहिलं होतं: “नगरपालिका व ग्रामपंचायत निवडणुकीत प्रमाणित प्रतिनिधी देण्यात यावे.” प्रमाणशीरचं प्रमाणित झालेलं, जणू आम्ही महाबीजचं बियाणं मागत होतो. दुरुस्तीसाठी पुढच्या ग्रामसभेपर्यंत थांबा म्हणाले. आम्ही तसाच पाठवला, सोबत खुलाशाचं पत्र जोडून. दीड महिन्याने एका कार्यालयातून उत्तर आलं की सदर विषय या कार्यालयाशी संबंधित नाही. दुसऱ्या कार्यालयाने तो “योग्य त्या कार्यवाहीस्तव” पहिल्याकडे पाठवल्याचं कळवलं.

लोकसभेकडे याचिका करता येते, पण तिच्यावर एका खासदाराची प्रतिस्वाक्षरी लागते. विधानसभेलाही तसंच कुणीतरी आमदार लागतो. आम्ही दोन लोकप्रतिनिधींकडे गेलो. पहिल्यांनी फोटो काढून घेतला. दुसरे सरळ माणूस. सगळं वाचलं, ज्वारीचा प्रयोगही बघितला, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “गुरुजी, पटलं. पण मी याच पद्धतीने निवडून आलोय. मी हरलो की या, पहिली सही माझी.” त्यांचा मला राग आला नाही. वर्षभरात भेटलेलं ते सगळ्यांत प्रामाणिक उत्तर होतं.

सह्यांचे कागद मात्र भरत गेले. मोठे आकडे नाहीत, सांगण्यासारखे तर नाहीतच. पोस्टमास्तर ते गावनिहाय लावून, सुतळीने बांधून, पोस्टातल्यासारखे गठ्ठे करून ठेवतात. मुलगी यादीच्या बाजूची होती ती अजून तिथेच आहे आणि सभेत माझ्यानंतर उठून तसं सांगतेही. लोकांना ते भांडण आवडतं.

परवा रात्री साडेनऊला फोन वाजला. आबा.

“गुरुजी, डीपी जळनी.”

मी काय बोलणार! गप्प राहिलो.

“टक्कासना नंबर से का तुम्हनाजोडे?”

मी त्यांना वायरमनचा नंबर दिला. त्याने उचलला नाही, म्हणून मग ते म्हणाले तसं त्या ‘हरलो की या’ वाल्या साहेबांच्या माणसाला मीच फोन लावला. ट्रक चौथ्या दिवशी आला. आबांनी सहीचा कागद मागवून घेतलाय, पण म्हणतात आधी पाणी चालू होऊ द्या.